कराट्याचा डगला

आमच्या थोरल्या पंडितच्या लग्नाची तारीख धरायला व्याही दारात येऊन उभे, आणि आमचा माणूस ओट्यावर कराट्याचा डगला घालून शेंगा फोडत बसलेला. आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं?

डगला आमच्या धाकट्याचा, भुजंगचा. कॉलेजात असताना त्याला कराट्याचं याड लागलं होतं, तेव्हा परभणीतल्याच शिंप्याकडून शिवून घेतला होता. जाड पांढरं कापड. गुंडी नाही, कॉलर नाही. एक पदर दुसऱ्यावर ओढून बगलेत नाडीनं बांधायचा. बाही एवढी रुंद की तिच्यात पायलीभर ज्वारी मावावी. खाली तसाच ढगळ पायजमा, आणि छातीवर लाल मूठ छापलेली. भुजंग फौजेत भरती झाला आणि डगला ट्रंकेत राहिला. संक्रांतीनंतर मी ट्रंक उन्हाला काढली, तर पंडितच्या बापानं तो उचलला, खोलीत जाऊन घातला आणि बाहेर येऊन आरशात बघत राहिले. मला वाटलं गंमत करायलेत. गंमत कसली, त्या दिवसापासून तो अंगावरून निघेना.

तर व्याही. दत्तराव मास्तर, राणीसावरगावचे. सफारी घालणारे, पेनाला टोपण लावून खिशात ठेवणारे, मोजकं बोलणारे. संगं त्यांचे भाऊ व्यंकटराव, ते मोजून बोलणारे नव्हेत.

"जयभीम, सोयरे," दत्तराव म्हणाले, आणि मग त्यांची नजर त्या लाल मुठीवर थांबली. "काय, ह्या वयात कराटे शिकायलाव का?"

हे उठले, मांडीवरची टरफलं झटकली. "जयभीम, जयभीम. न्हाई वो मास्तर. लय मोकळं वाटतं ह्याच्यात. उन्हाळ्याचं बरं पडतं."

"बरं हाय की," व्यंकटराव म्हणाले. "म्हंजे आहेरात काई कमी पडलं तर आमचीच हाडं मोडणार."

सगळे हसले. हेसुद्धा हसले. मी आत स्टोव्हला पिन मारत होते, माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चहा घेऊन बाहेर गेले तर डगल्याचा पदर सरकलेला, आत बनियन नाही, छातीवरचे पांढरे केस व्याह्यासमोर उघडे. मी कप खाली ठेवताना यांच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर उठून आत गेला असता. यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली.

लोकांना वाटेल, कपड्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. ज्यांच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या कपडे होते त्यांनी तसं म्हणावं. आमच्या खेड्यात माझा सासरा धुतलेलं धोतर नेसून वेशीतून निघाला की पाठीमागून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय रे, आज कुनाची वरात हाय?" मग तो धोतराला हातानं माती लावून पुढं जायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं तेव्हा पेटीही गेली, आणि आम्ही परभणीत उतरलो ते अंगावरच्या कपड्यांवर. तेव्हा मी पहिली वस्तू घेतली ती कोळशाची इस्त्री. तवा नंतर घेतला. शेजारणी हसल्या की हिला खायला नाही आणि इस्त्री पाहिजे. हसू दे. पंडितच्या बापाला एका ऑफिसात चपराशाची नोकरी लागली, आणि लोक म्हणायचे, ह्या ऑफिसात चपराशाची इस्त्री साहेबापेक्षा कडक असते. माझी पोरं अनवाणी शाळेत गेली असतील, पण चुरगळलेल्या सदऱ्यात गेली नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघून घराबाहेर पडायचं, तर त्या फोटोची लाज राखून पडावं.

नोकरी सुटल्यावर मी यांना पांढरे नेहरू शर्ट शिवले. कांजी घालून, इस्त्री मारून खुंटीला टांगून ठेवायची. गळ्यातून घातला की माणूस कसा पुढाऱ्यासारखा दिसायचा. ते शर्ट दिवाळीपासून खुंटीलाच टांगलेले होते. सुरुवातीला हे पंचा पांघरून घरातच बसायचे, मग हा डगला हाती लागला. मी समजले, नोकरी गेली तसा माणसाचा आबही गेला. आता कुणाला सलाम करायचा नाही की कुणापुढं उभं राहायचं नाही, मग इस्त्री कशाला? असंच समजले मी.

घरात घालत होते तोवर मी तोंड आवळून होते. पण हे डगल्यात रेशनच्या दुकानावर जायला लागले. रॉकेलच्या रांगेत लोकांनी यांना हसून पुढं काढलं. "सोडा वो म्हाताऱ्याला, न्हाईतर लाथ घालंल," असं कुणीतरी म्हणालं, आणि हे खुशाल पुढं जाऊन डबा भरून आले. वर मलाच सांगतात, "बग, नंबर लवकर लागला." स्टेशनाकडे फिरायला गेले की रिक्षावाले यांना 'कराटे मास्तर' म्हणून हाक मारायचे. गुरुवारच्या बाजारात मी यांच्या चार पावलं पुढं चालायला लागले. कुणी विचारलंच तर हा माणूस कोण, मला ठाऊक नाही, असं चालायचे. इतकी वर्षं मी यांच्या मागून चालत आले, पण पुढं चालायची पाळी त्या डगल्यानं आणली.

व्याही गेल्यावर मी यांना गाठलं.

"लाज वाटती का न्हाई? सोयऱ्यासमोर त्या डगल्यात बसायचं?"

"कापूस हाय, केशर. अंगाला लागत न्हाई."

"शर्ट काय काट्याचे शिवलेत मी?"

"तसं न्हाई."

"मग कसं? दुनिया वर चढायली आन् तुमी खाली उतरायलाव. पंडित ब्यांकेत हाय. त्याच्या बापाला लोक सर्कशीतला म्हनायलेत."

यांनी डाव्या हातानं डोकं खाजवलं. अलीकडे सगळं डाव्या हातानंच चालायचं, भांगसुद्धा डाव्या हातानं पाडायचे. मला तोही चाळा वाटला, म्हातारपणाचा.

"तुला एवढं लागतंय तर लग्नात न्हाई घालत," हे म्हणाले.

"लग्नात? लग्नात घालायचा इचार व्हता?"

हे खाली वाकून टरफलं गोळा करायला लागले. मी त्याच संध्याकाळी डगला आणि पायजमा दोन्ही ज्वारीच्या कोठीत तळाला दाबून टाकले. दुसऱ्या दिवशी यांनी शोधला, विचारलं मात्र नाही. पंचा पांघरून आत बसले. चहाच्या टपरीवर गेले नाहीत, स्टेशनाकडं गेले नाहीत. फक्त सकाळी दाढीला बन्सीधर न्हाव्याकडे जायचे, तेवढंच, ते पण पंचा घेऊन. मी मनात म्हटलं, बसू दे. चार दिवस फुगतील आणि शर्ट घालतील.

आणि घातलाच. लग्नाच्या दिवशी पहाटे हे दाढीला म्हणून बन्सीधरच्या दुकानात गेले. जाताना खुंटीवरचा शर्ट घडी मोडू न देता हातावर घेऊन गेले, आणि आले ते शर्ट अंगात घालूनच. कडक, पांढरा, छातीवर एक सुरकुती नाही. चपराशी असतानाचा माणूस परत आला असं वाटलं मला. बायनाबाई, आमची समोरची शेजारीण, टेम्पोत बसता बसता म्हणाली, "केशर, तुझ्या तोंडानं काम केलं बग." मी पण मान ताठ केली. एक तेवढं मला कळलं नाही की बन्सीधर वऱ्हाडात कशाला. खेड्यात न्हावी आमच्या सावलीला उभा राहायचा नाही. शहरात आल्यावर दुकानात सगळ्यांची डोकी सारखी, हे खरं. पण म्हणून त्याला घरच्या माणसाआधी टेम्पोत जागा? यांनीच धरून बसवला. "माझा दोस्त हाय," म्हणाले.

राणीसावरगावला शाळेच्या मैदानात मांडव. लग्न दृष्ट लागण्यासारखं झालं. वंदना झाली, हार घातले गेले, फुलं पडली. पांढऱ्या साडीत सून माझी कशी चांदण्यासारखी दिसत होती. मग माईकवरून पुकारा झाला, "वरबापानं पुढं यावं, पोशाख होतोय."

आमच्याकडं वरबापाचा पोशाख हातात घेऊन बाजूला ठेवता येत नाही. तो तिथंच, मांडवात, सगळ्यांसमोर अंगावर चढवायचा, जुन्यावर नवा. मग व्याह्यांनी एकमेकांना गळा भेटायचं आणि मग पंगत. न चढवला तर त्याचा अर्थ एकच, कापड नाकारलं, म्हणजे सोयरीक हलकी समजली. अशा गोष्टीवरून आमच्या एका नणंदेला सासरी वर्षभर टोमणे खावे लागले होते.

दत्तरावांनी ताट पुढं केलं. सिल्कचा नेहरू शर्ट, पंडितकडून माप नेऊन शिवलेला. वर टॉवेल आणि टोपी. मास्तराच्या पगारात केवढ्याला पडला असेल तो त्यांनाच ठाऊक.

यांनी शर्ट हातात घेतला, कपाळाला लावला. "लय भारी हाय, मास्तर. घरी गेल्यावर घालतो."

"घरी कामून?" दत्तराव म्हणाले.

"उकडायलंय वो. अंगात हाय एक."

"आमाला बी उकडायलंय, सोयरे. सगळ्याइलाच उकडायलंय." दत्तरावांचा आवाज वर गेला नव्हता, पण हसू गेलं होतं.

व्यंकटराव बाजूनं बोलले, "दादा, आपलं चुकलं. कराट्याचं शिवायला पायजे व्हतं." वऱ्हाडी हसले. दत्तराव हसले नाहीत. पलीकडे सून उभी होती, तिनं बापाकडे बघितलं आणि खाली मान घातली. पोरगी अजून आमच्या घरात आली नाही आणि आमच्या घरानं तिच्या बापाला मांडवात खाली बघायला लावलं.

मी बायकांतून मोठ्यानं म्हणाले, "घाला की वो. कामून खोळंबा करायलाव?"

यांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग आपली टोपी काढून टेबलावर ठेवली, शर्ट डोक्यावर धरला आणि आत शिरले.

डावा हात बाहीत गेला, पार बाहेर आला. डोकं गळ्याशी येऊन अडकलं. उजवा हात छातीपर्यंत उठला आणि तिथंच थांबला. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, दुसऱ्या वेळी आतून एक आवाज आला, जनावराच्या तोंडून येतो तसा, बारीक. मग काहीच नाही. मांडवाच्या मधोमध माझा माणूस उभा, तोंडावर सिल्कचं कापड, एक हात वर, एक हात छातीशी, चेहरा कुणालाच दिसत नाही. कापड श्वासानं आत-बाहेर होत होतं. माईकवाल्यानं माईक बाजूला धरला. मागं एक पोरगं हसलं, आणि कुणीतरी त्याला चापट मारल्याचा आवाजसुद्धा स्पष्ट ऐकू आला, एवढी शांतता.

मी उठले. बायकांची बाजू सोडून पुरुषांच्या बाजूला जायला निघाले, पदर खोचून. नवऱ्याला चारचौघांत कपडे घालणं म्हणजे काय ते मला कळत होतं, पण निघाले. अर्ध्यात गेले असेन, तेवढ्यात बन्सीधर माझ्या बाजूनं पुढं गेला.

"हलू नका, काका," तो म्हणाला. "वरचा हात खाली घ्या. मी हाय." त्यानं शर्ट हळूच डोक्यावरून मागं काढला. मग उजवी बाही आपल्या हातावर गोळा केली, पार खांद्यापर्यंत, आणि यांचा हात न उचलता ती खालून वर चढवली. मग डोकं. मग डावा हात. सपासप. लहान लेकराला झबलं घालावं तसं.

मी हात पुढं केला होता. बन्सीधरनं वळून बघितलं आणि चांगल्या मनानंच म्हणाला, "काकी, ऱ्हाऊ द्या. मला सवय हाय. रोज मीच खांदा चोळतो, सकाळी बी मीच घातला की."

म्हणजे सकाळचा शर्ट. म्हणजे पंचा पांघरून रोज जायचे ते दाढीला नव्हे.

दत्तरावांनी पुढं होऊन यांना गळा भेट दिली, उजवा खांदा सोडून, अगदी अलगद. मास्तर माणूस, समजला. कानात काही बोललेसुद्धा, आणि यांनी मान हलवली. पंगतीचा पुकारा झाला आणि लोक पत्रावळींकडे धावले. मी मात्र मांडवाच्या मधे, ना बायकांत ना पुरुषांत, हात तसाच पुढं घेऊन.

बायनाबाई मागून आली. "खांदा धरलाय व्हय त्यांचा? तुला ठावं नव्हतं, केशर?"

"ठावं न्हाई कसं," मी म्हणाले. "माझाच मानूस हाय."

मी पंगतीत तूप वाढायला गेले. प्रत्येक पत्रावळीपुढं वाकताना वाटायचं, हे सगळे खाली मान घालून जेवतायत ते माझ्याकडे बघायला नको म्हणून. खोटं असेल ते. भूक लागली असेल लोकांना. पण हे डगल्यात व्याह्यासमोर बसले तेव्हाची लाज ही लाजच नव्हती, हे मला त्या तुपाच्या भांड्यासंगं फिरताना कळलं. ती कपड्याची होती, कपड्यासंगं धुऊन निघाली असती.

ऊन कललं. वऱ्हाड टेम्पोत सामान भरायला लागलं. आमचा जानवसा शाळेच्या एका खोलीत होता. मी गेले तर हे पोरांच्या बाकड्यावर एकटे बसलेले, गुडघे वर आलेले, अंगात एकावर एक दोन शर्ट, घामानं मान भिजलेली. टोपी मांडीवर.

मी दार लोटलं. "वरचा काढा. उकडत असंल."

"असू दे."

"द्या हिकडं, मी काढते."

"ऱ्हाऊ दे, केशर. बन्सीधर येतो म्हनला टेम्पो भरला की."

मी त्यांच्यासमोरच्या बाकड्यावर बसले. फळ्यावर कुणीतरी खडूनं पंडितचं आणि सुनेचं नाव काढलं होतं, भोवती वेल. मी फळ्याकडं बघून विचारलं, "कवापासून?"

"दिवाळीपासून. एक दिवस उठलो तर हात वर जाईना. मार न्हाई, पडलो न्हाई. नुसता धरला."

"डाक्टर?"

"बन्सीधर चोळून देतो तेलानं. उतरंल म्हनतो."

"आन् मला सांगायला काय झालं व्हतं?"

हे टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"बायनाबाईच्या सासऱ्याला लकवा झाला, तवा ती त्याला ओट्यावर सदरा घालायची. तू दारात बसून काय म्हनायचीस? म्हनायचीस, म्हातारा परत पाळण्यात निजला, आता ह्याला काजळ लावा. सगळी गल्ली हसायची. मी बी हसलो." त्यांनी खांदा जरासा हलवला आणि ओठ दाबले. "भुजंगचा डगला बरा व्हता. खाटंवर पसरायचा, बाहीत हात सारायचा, नाडी बांधायची. कुनाचा हात लागत नव्हता. तुझा बी न्हाई. बाहेर हासायचे लोक, पर ते डगल्याला हासायचे."

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. बन्सीधरचा आवाज आला, "काका, येऊ का?"

"थांब," मी आतूनच म्हणाले.

मी उठले, दाराला आतून कडी घातली. यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. बन्सीधरनं घालताना केलं होतं ते मी बघितलं होतं, काढताना उलटं करायचं, एवढी अक्कल मला आहे. डावा हात आधी काढला, मग डोकं, मग उजवी बाही हळूहळू खाली ओढली. यांनी डोळे मिटून घेतले होते. खांद्यावर तेलाचा वास होता, त्या न्हाव्याच्या दुकानाचा. इतक्या जवळ माझं नाक दिवाळीपासून गेलं नव्हतं. सिल्कचा शर्ट मी घडी करून बाकड्यावर ठेवला, बाह्या आत घालून, जशी ठेवते तशी.

मग मी बोलले. हळू नाही बोलले, मला हळू बोलता येत नाही. कडीबाहेर बन्सीधर असेल तर त्यानंही ऐकावं असं बोलले.

"माझं त्वांड वंगाळ हाय, ते सगळ्या परभणीला ठावं हाय. पर खांदा माझा व्हता, पंडितचे बाप. तो तुमी न्हाव्याला दिलात. लय वंगाळ केलंत तुमी."